परत आणून दया

गेंट, बेल्जियम
६ सप्टेंबर २०२५

ती. मथुरामावशींना पद्मिनीचा वाकून नमस्कार.

सपना, हे पत्र तुझ्या फोनवर फोटो म्हणून येईल. आजींना फोनवर ऐकू येत नाही आणि त्यांना कागदच लागतो, म्हणून हाताने लिहिलंय. सगळं वाचून दाखव, मध्येच गिऱ्हाईक आलं म्हणून उठू नकोस. मी आज इतकी संतापले आहे की चैत्रालीने केलेला चहा तसाच निवला.

मावशी, चैत्रालीकडे येऊन आम्हाला तीन आठवडे झाले. आमच्या साहेबांचा गुडघा दुखतो म्हणून ते घरीच बसतात आणि आम्ही मायलेकी हिंडतो. आज आगगाडीने तासाभरावरच्या एका गावाला गेलो. ते गाव म्हणे पाचशे वर्षांपासून विणलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध. टॅपेस्ट्री म्हणतात त्याला. जुन्या गिरणीत संग्रहालय केलंय. भिंतभर चित्रं: शिकार, घोडे, द्राक्षांचे वेल, राण्या. जवळ जाऊन पाहिलं तर रंग कुठेच नाही, नुसती लोकर! उभे धागे पार झाकून टाकणारे आडवे धागे, रंग जिथे संपला तिथूनच मागे वळवलेले. मी म्हटलं, अगं, ही तर सतरंजी! चैत्राली हसली. म्हटलं, हसू नकोस, नोकरीची पहिली चार वर्षं मी इचोड्यात मथुरामावशींच्या मागच्या खोलीत भाड्याने काढलीत, धागे ठोकून बसवायच्या पंज्याची ठकठक ऐकत वह्या तपासल्यात. मला विणकाम शिकवू नकोस.

तिथे एक साठीचा विणकर मागावर बसला होता. तो चित्राच्या पाठीकडून विणतो. सुलटी बाजू जमिनीकडे. आपण काय विणलं ते बघायचं तर धाग्यांखालून छोटा आरसा सरकवतो. मला जवळ बोलावून दाखवलं. आरशात राणीचा चेहरा! मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. इथवर माझा दिवस फार छान गेला होता.

मग पुढची खोली. 'जगभरातली वस्त्रं' अशी पाटी. आत गेले आणि समोरच्या भिंतीवर, काचेच्या आड, दिव्याच्या झोतात, आपली सतरंजी.

हो मावशी, तुमची. निळ्या-लाल पट्ट्यांची, मध्ये कापसाची पाच बोंडं असलेली. मला आधी वाटलं, तशीच दुसरी असेल. पण काठावर अक्षरं होती. उलटी. मी पर्समधला टिकली लावायचा आरसा काढला, सतरंजीकडे पाठ केली आणि खांद्यावरून आरशात वाचलं: 'मथुराबाईची. परत आणून दया.'

आठवतं ना? लोक लग्नाकार्याला सतरंज्या नेतात आणि परत करत नाहीत, म्हणून तुम्ही भांड्यांवर नाव घालतात तसं सतरंजीवर घालायचं ठरवलंत. अक्षरं मी चौकटीच्या वहीत काढून दिली. 'द्या' काढलं तर तुम्ही म्हणालात, "बाई, हे पोट फाटलेलं अक्षर सुतात बसत नाई," आणि द वेगळा, या वेगळा विणून मोकळ्या झालात. त्या 'दया'वर मी किती हसले होते. सत्त्याण्णव सालची गोष्ट.

आता पाटीवर काय लिहिलंय ऐका. पाटी त्यांच्या भाषेत आहे, चैत्रालीने उभ्या उभ्या वाचून दाखवली. 'जंगलातील जमातीचे पूजावस्त्र. अंदाजे दीडशे वर्षांपूर्वीचे. काठावर अद्याप न वाचलेली पवित्र लिपी. पिवळे डाग पूजाविधीतील रंगाचे असावेत.' मावशी, तो वरणाचा डाग आहे! भजनाच्या पंगतीत सांडलेलं वरण! आणि दीडशे वर्षं? मी त्या सतरंजीपेक्षा वयाने मोठी आहे! शिवाय अंथरायची वस्तू भिंतीवर, तीही उलटी टांगून, वर म्हणे लिपी वाचता येत नाही. खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं, पण गर्दी झाली, मी फोटो काढून घेतला.

चैत्रालीच्या लग्नाला तुमच्याकडून नेलेली ही हरवली तेव्हा मी फोनवर काय म्हटलं होतं? परत पाठवायचा गठ्ठा कामाला आलेल्या भागाबाईने बांधला होता, तिला विचारा. आता बघा, कुठवर पोचवली! कोणाला विकली, कितीला विकली, तिलाच ठाऊक. अकरा वर्षं ती साळसूद चेहऱ्याने तुमच्या गल्लीतून फिरते आहे. मी इथल्या संग्रहालयाच्या बाईंना भेटणार आहे. तुम्ही तिकडे तिला जाब विचारा.

डिसेंबरात साहेबांची सत्तरी करायची आहे. त्याला तुम्ही सगळे यायचंच, ते निराळं कळवीन.

तुमची
पद्मिनी


इचोडा
१० सप्टेंबर २०२५

आदरणीय मॅडम,

सा. न. तारीख उजवीकडे, मायना डावीकडे, विषय थोडक्यात, हे तुम्ही बोथच्या शाळेत सातवीला शिकवलंत. मी आजींची नातसून असले तरी तुमची विद्यार्थिनी आधीची, म्हणून तसंच लिहिते.

पत्र दोनदा वाचून दाखवलं. वरणाच्या डागाशी आजी इतक्या हसल्या की ठसका लागला. मग विचारलं, "मधलं बोंड डावीकडं झुकलं हाये का, पाय बरं." तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते उजवीकडे झुकलंय. उलटी टांगली म्हणून तसं, असं मी सांगितल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ते बोंड दोघींच्या मधोमध होतं, झुकलं ते भागाआजीच्या बाजूला. एवढा रुंद माग एकीला झेपत नाही. दोघी शेजारी बसायच्या, अर्धा पन्हा हिचा, अर्धा तिचा. हे तुम्हाला माहीत आहेच, पण तुमच्या पत्रात ते नव्हतं.

त्यानंतर तुमचा भागाआजीबद्दलचा मजकूर वाचला. काल बाजाराचा दिवस. आजी काठी घेऊन निघाल्या. मी अडवलं, माझ्या नवऱ्याने, अमरनी अडवलं, ऐकल्या नाहीत. भागाआजी बस स्टँडजवळ भाजी घेऊन बसते. लग्नकार्यात कामाला तिला अकरा वर्षांत कोणी बोलावलं नाही, म्हणून भाजी. तिच्या नातीचं, रंजीताचं जमलेलं लग्न मोडलं तेही त्याच वर्षी. मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, चोरणीची नात नको.

भर बाजारात आजी ओरडल्या, "काऊन वं, माही सतरंजी परदेशात इकली ना तूनं? बाईनं डोळ्यानं पाह्यली!"

भागाआजी उठली नाही. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत म्हणाली, "मथुरे, अर्धी माह्या हातची होती. आपलीच वस्तू मी काऊन चोरीन? नाव तेवढं तू तुहंच घातलं होतं. मी तवाच सांगितलं, लग्नाच्या दुसऱ्या दिशी साहेब त्या गोऱ्या बाईले घेऊन आले, मलेच गठ्ठ्याची दोरी सोडाले लावली, सतरंजी झटकली आन गाडीत ठिवली. तवा तू काय बोलली? मोठ्या मानसावर आळ घेतं का म्हने. आता काय आली व पुन्यांदा?"

आजी तशाच घरी आल्या. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी मला म्हणाल्या, "बाईले लिव. पाटीचा फोटो धाड म्हना. खाली बारीक काय लिवलं ते मले पायजे."

मॅडम, फोटो पाठवा.

आपली
सपना


गेंट
१५ सप्टेंबर २०२५

चि. सपनास आशीर्वाद.

इथे थंडी सुरू झाली. चैत्राली ऑफिसला गेली की घर खायला उठतं. साहेबांचा गुडघा तसाच.

पाटीचा फोटो जोडला आहे. मी पत्रात लिहिलं होतं तेवढंच त्यावर आहे. वस्तू कोणाकडून आली ते ही संग्रहालयं सांगत नाहीत, त्यांचे नियम असतात. अकरा वर्षांपूर्वीचं कोणाला काय आठवणार? भागाबाईचंही आता वय झालं. लग्नघरात शंभर माणसं, कोणी काय उचललं, कोणाच्या गाडीत काय गेलं, हे ती खात्रीने कसं सांगते? मावशींना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. मागचं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. भागाबाईला बाजारात बोलायला नको होतं. विषय आता वाढवू नये.

त्या पाटीवर मावशींचं नाव यावं म्हणून मी प्रयत्न करीन.

तुझी
पद्मिनी मॅडम


इचोडा
१७ सप्टेंबर २०२५

मॅडम,

सा. न. लिहायचं आज जड जातंय, पण लिहिते.

फोटोची खालची कड कापलेली आहे. मी दुकानात झेरॉक्सचं मशीन चालवते. कागद कुठे कापला ते मला दिसतं. वरच्या सगळ्या ओळी फोनने मराठी करून दिल्या, तुम्ही लिहिल्या होत्या तशाच निघाल्या. त्यांच्या खाली अजून एका ओळीची नुसती टोकं दिसतात. त्या ओळीचं पहिलं अक्षर 'आर' आहे. साहेबांचं नाव राघवेंद्र. मी चुकत असेन तर पूर्ण फोटो पाठवून माझे कान उपटा, मी हातावर छडी घ्यायला तयार आहे.

पहिल्या पत्रात तुम्ही चार पानं संतापलात. त्या लोकांना वरणाचा डाग कळला नाही, सतरंजी उलटी टांगली, वय चुकवलं. खरं सांगते, वाचताना मलाही तसाच राग आला होता. पण त्यांनी चुकीची पाटी एका कापडाला लावली. तुम्ही एका जिवंत बाईला लावलीत, आणि ती अकरा वर्षं तिच्या कपाळावर आहे. पहिल्यांदा फोनवर लावली, दुसऱ्यांदा ६ सप्टेंबरला लेखी लावली, आणि खरं कळल्यावर म्हणता, विषय वाढवू नये? बाजारात बोलायला नको होतं? जाब विचारा असं कोणी लिहिलं होतं, मॅडम? पत्र माझ्याकडे आहे.

माझ्या सासरी तुमचा शब्द म्हणजे प्रमाण. सासरे अजून सांगतात, बाई बोलल्या म्हणजे खरंच असणार. म्हणून तर भागाआजीचं कोणी ऐकलं नाही. तुम्ही साधी भाजीवाली असता तर आजींनी तुमचा शब्द तपासून तरी पाहिला असता.

तुमचं पत्र आजींनी ऐकलं. "फोनवरचं बोलनं कोनाच्या हाती राह्यत नाई, म्हून मी कागद मागते," एवढंच म्हणाल्या. मग उठून भागाआजीच्या दारात गेल्या. ती आत होती. तिने दार उघडलं नाही. आजी ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी जाऊन हाताला धरून आणते.

आजींना सतरंजी मिळो न मिळो, भागाआजीवरचा आळ तेवढा जायला हवा. तो आमच्या सांगण्याने जाणार नाही. ज्यांच्या सांगण्याने लागला त्यांनीच काढावा लागेल. आजींचं वय ब्याऐंशी आहे, भागाआजीचं त्याच्या आसपास. तेव्हा लवकर लिहा.

सपना


गेंट
२४ सप्टेंबर २०२५

श्रीमती मथुराबाई यांस,

नमस्कार. आमच्या सौभाग्यवतींनी आपल्याशी चालवलेला पत्रव्यवहार माझ्या वाचनात आला. काही गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते.

चैत्रालीच्या विवाहास व्याह्यांच्या परिचयातील एक परदेशी विदुषी आल्या होत्या. त्यांना आपली सतरंजी अतिशय आवडली. दारी आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवण्याची आपली पद्धत नाही. मी ती त्यांना दिली. 'आमच्या घरची आहे' असे म्हणालो ते आपुलकीने. आपण काय आम्हाला परक्या आहात? पणजीने विणलेली, असे सांगितले ते पाहुणीस वस्तूविषयी आदर वाटावा म्हणून. त्याच महिन्यात आम्ही नागपूरहून नवी, मोठी सतरंजी आपणास पाठवली होती, हे आपण विसरलेल्या दिसता.

खरे पाहता आपण समाधान मानावे. इचोड्याच्या ओट्यावर ती केव्हाच झिजून गेली असती. आज ती काचेआड सुरक्षित आहे, सातासमुद्रापलीकडचे लोक तिकीट काढून पाहतात. डिसेंबरात माझ्या सत्तरीच्या समारंभात शाल व श्रीफळ देऊन आपला सत्कार करण्याचे मी योजले आहे. भागाबाई नामक स्त्रीस एक लुगडे देण्यात येईल. झाले गेले विसरून जावे आणि बाजारात या विषयाची वाच्यता कृपया होऊ नये.

आपला
राघवेंद्र
(कार्यकारी अभियंता, सेवानिवृत्त)


गेंट
२९ सप्टेंबर २०२५

मथुरामावशी,

साहेबांनी तुम्हाला पत्र लिहिलं हे मला आज सकाळी कळलं. चैत्रालीच्या कॉम्प्युटरवर ते उघडंच राहिलं होतं. मी ते वाचलं. भागाबाई नामक स्त्री! त्या बाईने आमच्या लग्नघरात तीन दिवस भांडी घासली, रात्री माझे पाय चेपले, आणि ती 'नामक स्त्री'! लुगडं देण्यात येईल म्हणे!

पण त्यांच्यावर चिडण्याआधी मला माझं सांगितलं पाहिजे. सपनाने बरोबर ओळखलं. कापलेल्या ओळीत असं आहे: 'राघवेंद्र, आदिलाबाद, यांच्या घराण्याचा वारसा. त्यांच्या पणजीने विणलेले. मे २०१४ मध्ये त्यांच्याकडून सप्रेम भेट.' पहिलं पत्र धाडलं त्याच रात्री चैत्रालीने मला ते मोठं करून वाचून दाखवलं. मी साहेबांना विचारलं. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "एक सतरंजी तर होती." नऊ दिवस मी विचार केला आणि शेवटी कात्री घेतली. सातवीच्या पोरांना खरं बोलायला शिकवत माझा जन्म गेला, आणि साठी उलटल्यावर मी एका फोटोची कड कापली.

आणखी एक आहे. २०१४ ला ती साहेबांनी दिली हे मला खरंच माहीत नव्हतं. पण भागाबाईने नेली हे तरी मला कुठे माहीत होतं? घरात पाहुणे होते, पाठवणीची गडबड होती, तुमचा फोन आला की एक सतरंजी कमी आली, आणि माझ्या तोंडून पहिलं नाव निघालं ते भागाबाईचं. साहेबांच्या बहिणी होत्या, व्याही होते, ती परदेशी पाहुणी होती. त्यांच्यापैकी कोणाचं नाव जिभेवर आलंच नाही. भागाबाईचं आलं, कारण तिचं नाव घेतलं तर मला काही होणार नव्हतं. ती नाव घेण्याजोगी होती. मग नागपूरची सतरंजी पाठवून मी स्वतःला फार उदारही समजले. मावशी, याची मला इतकी लाज वाटते की कोणाला तोंड दाखवू नये.

मी पुन्हा त्या संग्रहालयात गेले. तिथल्या बाईंना आरसा धरून सगळं वाचून दाखवलं, एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. त्या खुर्चीत बसल्या. डाग वरणाचा आहे म्हटल्यावर कपाळाला हात लावला. सतरंजी त्यांनी सुलटी करून टांगली, पाटी उतरवली. पण वस्तू परत द्यायची तर देणाऱ्याने लिहून दिलं पाहिजे, की ती माझी नव्हती. कागद घेऊन घरी आले. साहेब सही करत नाहीत. म्हणतात, सत्तराव्या वर्षी मी स्वतःला चोर लिहून देऊ? मी म्हटलं, भागाबाईला एकोणसत्तराव्या वर्षी आपण चोर केलं तेव्हा चाललं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. चैत्राली दोघांना वेगवेगळं वाढते.

आम्ही वीस ऑक्टोबरला घरी पोचतो. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी इचोड्याला येईन. तुमच्याकडे आधी येणार नाही, भागाबाईच्या दारात जाईन. हे पत्र जपून ठेवा. तिथे ते मीच वाचणार आहे.

पद्मिनी


इचोडा
३० नोव्हेंबर २०२५

मॅडम,

सा. न. तुम्ही येऊन गेलात त्याला महिना झाला. पत्र उशिराने लिहिते कारण घरात आता बसून लिहायला जागा नाही. माग पुन्हा मांडलाय.

त्या दिवशी तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. भागाआजीच्या ओट्यावर तुम्ही वाचत होतात आणि रस्त्यावर बाजाराची माणसं थांबत होती. 'नाव घेण्याजोगी' हे शब्द तुम्ही हळू वाचलेत तेव्हा भागाआजी दाराआडून म्हणाली, "जोरात वाचा बाई, पलीकडच्याईले ऐकू नाई आलं." तुम्ही पुन्हा वाचलंत. त्याबद्दल मी तुमच्यावरचा अर्धा राग सोडला. अर्धा अजून आहे, खोटं का लिहू?

तुमची बस सुटल्यावर भागाआजी बाहेर आली. आमच्या आजी तिथेच पायरीवर होत्या. आजी म्हणाल्या, "भागे, बाईनं तर एक फोन केला व. अकरा वर्सं तुले चोर तर मी म्हनलं. मले कोनतं लुगडं देऊन फेडाचं हाये हे?" भागाआजीने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "तुहा माग कुठी हाये? उंदरायनं खाल्ला का?"

दुसऱ्या दिवसापासून बसल्या. दिवसभर भांडतात. तुझी बाजू ढिली, माझी बाजू घट्ट, तुझा पट्टा वाकडा. दोघींचे हात थरथरतात, पंजा पडतो, सूत तुटतं, रंजीता आणि मी गाठी मारून देतो. काल उतरवली. निळी-लालच आहे.

अक्षरं चौकटीच्या वहीत मी काढून दिली. मी शुद्ध लिहिलं होतं, 'भागाबाईने नेली नव्हती'. आजींनी 'व्ह'वर बोट ठेवलं, "हे पोट फाटलेलं पुन्हा काऊन? आमी बोलतो तसं लिव." म्हणून सतरंजीवर आहे: 'भागाबाईनं नेली नवती.' शुद्धलेखनाचे मार्क कापा. नाव कोणाचं घालायचं विचारलं तर आजी म्हणाल्या, नाव आलंच ना त्यात.

एका काठावर सरळ विणलंय. दुसऱ्या काठावर मुद्दाम उलटं विणलंय. मी दुकानातला आरसा धरून बसायची आणि त्या एकेक धागा मोजायच्या. भागाआजीची ती अट होती. कोणी कोणत्याही बाजूने अंथरली तरी एका काठावर वाचता आली पाहिजे.

साहेबांची सही अजून झाली नाही असं तुम्ही कळवलंत. समारंभाची पत्रिकाही मिळाली. त्याबद्दल दोघींनी मिळून सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"बाई, सत्काराची शाल आमाले नको. लुगडंबी नको. सतरंजी अमरच्या हाती धाडून राह्यलो. साहेबाच्या सत्तरीले दिवानखान्यात, दाराच्या समोर, बायका बसतेत तिथी अंथरा. दुसऱ्या कोनाले सांगू नका, तुमी सोताच्या हातानं अंथरा. वरन सांडलं तर सांडू द्या. आन कोनी पाहुना कितीबी आवडली म्हनला तरी देऊ नका. कार्यक्रम झाला का परत आणून द्या."

मथुराबाई
भागाबाई
(लिहिणार: सपना)